डावा कान

४ मार्च

वही नवी. श्रवणयंत्रांच्या कंपनीने फुकट वाटली. प्रत्येक पानाच्या तळाशी एक हसणारा म्हातारा छापला आहे. त्याच्याकडे बघायचं नाही.

वहीचा उद्देश एकच. आमची ही मला उत्तर देत नाही, याचा पुरावा जमवणे. मी म्हणतो, तू मुद्दाम ऐकत नाहीस. ती म्हणते, ऐकू आलं नाही. किती वर्षं हेच चाललंय. आता आकड्यांत बोलू. मी इस्पितळात लोकांचे कान तपासतो, सोळा वर्षं झाली. ऐकू न येणं आणि ऐकायचं नसणं यातला फरक मला कुणी शिकवू नये.

आज हाका सात, उत्तरं तीन.

रागावलो नाही.

६ मार्च

हाका नऊ, उत्तरं चार.

एक निरीक्षण. मी जेवणाच्या टेबलाशी बसून हाक मारली तर उत्तर येत नाही. खिडकीपाशी उभं राहून मारली तर येतं. ती ओट्याशी उभी असते तिथून टेबल डावीकडे, खिडकी उजवीकडे. म्हणजे उघड आहे. खिडकीतून शेजाऱ्यांना ऐकू जाईल म्हणून उत्तर देते. लोकांची लाज आहे, नवऱ्याची नाही.

मुलगी आईशी बोलताना आधी तिच्या उजव्या खांद्याला बोट लावते, मग बोलते. रस्त्यात चालते तीही आईच्या उजवीकडून. सोफ्यावर उजवीकडे. मी काही बोललो की ते हिला पुन्हा सांगते, जणू मी परदेशी पाहुणा आहे. दोघींचं काहीतरी ठरलेलं दिसतं. अकरा वर्षांच्या पोरीला आतापासून गटबाजी.

८ मार्च

इस्पितळात महिला दिन. सगळ्या पुरुष कर्मचाऱ्यांनी शपथ घेतली, स्त्रीचा सन्मान करीन वगैरे. वाचायला मला उभं केलं, कारण आवाज. सगळ्यांनी माझ्यामागून म्हटली. आमच्या कान विभागाच्या डॉक्टरबाईंनी टाळ्या वाजवल्या. बायकांच्या बाबतीत मी पहिल्यापासूनच पुढारलेला आहे, हे आज चारचौघांत सिद्ध झालं.

घरी येऊन सांगितलं. ही पाठमोरी होती. तीनदा सांगितलं. मग ताट जरा जोरात ठेवलं गेलं.

१२ मार्च

आज एक ढोंगी पकडला. या कामात इस्पितळात माझा हात धरणारा कुणी नाही.

पद्धत लिहून ठेवतो. माणूस म्हणतो, मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. त्याला बूथमध्ये बसवायचं. बूथ म्हणजे बाहेरचा आवाज न शिरणारी छोटी खोली, मध्ये काच. आत तो, कानांवर हेडफोन, हातात बटण. बाहेर मी आणि मशीन. सूर ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, माझ्यासमोर दिवा लागतो. आता गंमत. दोन्ही कानांत एकच सूर एकदम सोडायचा. उजव्यात बारीक, डाव्यात मोठा. डावा कान खरंच गेलेला असेल तर त्याला उजव्यातला बारीक सूर ऐकू येतो आणि तो सरळ बटण दाबतो. ढोंगी असेल तर त्याला डाव्यातला मोठाच ऐकू येतो. तो मनात म्हणतो, हा तर आपला बहिरा कान. आणि गप्प बसतो. गप्प बसला की सापडला.

आजचा माणूस ड्रायव्हर. रात्रपाळी टाळायची होती. गप्प बसला. मी काचेतून हसलो. मग तोही हसला.

जेवताना घरी सांगितलं. मुलगी म्हणाली, म्हणजे गप्प बसतो तो खोटा? म्हटलं, शाबास. मुलगी हुशार आहे. माझ्यावर गेली आहे.

१५ मार्च

एक बाई आली, निळ्या स्कार्फवाली. तिशीची असेल. डाव्या कानाचा पडदा फाटलेला, अगदी ताजा. सोबत नवरा. मोकळा माणूस, आल्या आल्या मला दादा म्हणाला. फॉर्मवर मी 'कारण' या रकान्याशी आलो तेव्हा तिने तोंड उघडलं, पण तेवढ्यात तोच म्हणाला, बाथरूममध्ये पाय घसरला आणि नळावर आपटली. म्हणाला, दादा, मी रोज सांगतो बघून चाल, पण ऐकेल ती बायको कसली. म्हटलं, सगळीकडे तेच. दोघेही हसलो.

लिहिलं: पाय घसरून पडणे. माझं अक्षर सुवाच्य आहे.

बूथमध्ये ती सरळ बसली. त्रास दिला नाही. माझ्या बाजूचा दिवा चालू असला की काचेत माझं प्रतिबिंब पडतं आणि ते आतल्या पेशंटच्या बरोबर पाठीमागे बसल्यासारखं दिसतं. तपासणी चालू असताना तिने दोनदा मागे वळून बघितलं. मागे भिंत आहे.

१६ मार्च

घरात एक शिट्टी वाजते. बारीक, सतत. फ्रिज असावा.

१७ मार्च

फ्रिज बंद केला. शिट्टी चालूच. दूध नासलं. हिने विचारलं, फ्रिज कुणी बंद केला? मी ऐकलं नाही असं दाखवलं. कसं वाटतं ते कळू दे.

१८ मार्च

इलेक्ट्रिशियन आला. सगळ्या ट्यूब काढून घातल्या. म्हणाला, साहेब, मला तर काही ऐकू येत नाही. त्याला इस्पितळात तपासणीला ये म्हटलं. त्याला ते लागलं असावं.

हिला विचारलं, तुला शिट्टी ऐकू येते का. म्हणाली, तुम्हालाही यायला लागली? मला तर किती वर्षं येते. म्हणजे वायरिंगच.

दुपारच्या सुट्टीत स्वतःला तपासून घेतलं. दोन्ही कान वीस वर्षांच्या पोरासारखे.

२१ मार्च

आईचा फोन. ती फोन उजव्याच कानाला लावते, डाव्याला लावला की म्हणते लाइन खराब आहे. तिला या वहीबद्दल सांगितलं. म्हणाली, तुझे वडील असे हाका मोजत बसायचे नाहीत. विचारलं, मग काय करायचे? म्हणाली, जेवलास का?

फोन ठेवल्यावर विचार केला. आईला डावा कान कमी. काकूलाही डावाच. आमची ही म्हणते तेही डावाच, म्हणजे तिचं सोंग आहे, पण धरू. आमच्या घराण्यात बायकांना हा त्रास दिसतो. आनुवंशिक असणार.

पाच मिनिटांनी लक्षात आलं की तिघीही लग्न होऊन या घरात आलेल्या. एकमेकींशी रक्ताचं नातं नाही.

पाण्यात काहीतरी असेल.

२३ मार्च

निश्चय. राग आला की मोठ्याने दहापर्यंत मोजायचं. मोबाइलवर एका तज्ज्ञाने सांगितलं. उद्यापासून.

२४ मार्च

मोजलं. चारला मुलीने दप्तर आवरलं. सहाला ही उठली. आठला दोघी आतल्या खोलीत, कडी लागली. दहा झाले तेव्हा घर एकदम शांत होतं. पद्धत उत्तम आहे.

हाका मोजायच्या राहिल्या. मारायला कुणी नव्हतं.

२९ मार्च

निळ्या स्कार्फवालीची आज पुन्हा तपासणी होती. व्हरांड्यात तीनदा नाव पुकारलं. डॉक्टरबाईंनी फोन करायला सांगितलं. नवऱ्याने उचलला. म्हणाला, दादा, माहेरी गेलीय, एकदम बरी आहे. कागदावर लिहिलं: बरी आहे.

२ एप्रिल

निळ्या स्कार्फवालीला काल संध्याकाळी आमच्याच इस्पितळात आणलं. आणलं तेव्हाच गेलेली होती. नवरा म्हणतो, जिन्यावरून पडली. पोलिसांनी त्याला बसवून ठेवलं आहे. सकाळी फौजदार तिची आधीची फाइल घ्यायला आला. उभ्या उभ्या वाचली. म्हणाला, या कागदावरून बाईला पडायची सवय दिसते.

कागदावर माझं अक्षर. मला सांगितलं तेच मी लिहिलं. नवऱ्याने सांगितलेलं कारण रकान्यात लिहू नये, असं फॉर्मवर कुठेही छापलेलं नाही. तपासून बघितलं.

घरी हिला सांगितलं. खिडकीपाशी उभं राहून सांगितलं, एका दमात ऐकू गेलं. हिने नळ बंद केला. मग म्हणाली, विचारलं होतं का? म्हटलं, नवऱ्यानेच तर सांगितलं. म्हणाली, तिला.

मोजायला लागलो नाही. शक्ती नव्हती.

३ एप्रिल

डॉक्टरबाईंनी गेल्या तीन वर्षांच्या फाइली काढल्या. बायका, फाटलेला पडदा, एवढ्याच. एकेचाळीस निघाल्या. माझ्यासमोर मांडल्या. सगळ्यांवर माझं अक्षर. पाय घसरून. कपाटाचं दार लागून. चेंडू लागून. पलंगाची कड लागून.

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं. म्हणाल्या, यातल्या अडतीस डाव्या कानाच्या. माणसं उजव्या कानावर कशी काय पडत नाहीत हो?

म्हटलं, बाथरूमच्या फरशीचा उतार वगैरे असेल.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग स्वतःचा उजवा हात उचलला आणि माझ्या डाव्या कानापाशी आणून थांबवला. लावला नाही. हात खाली घेऊन म्हणाल्या, समोरासमोर उभं राहिलं की हा इथे येतो. तुम्हाला माहीत आहे.

नवा नियम: यापुढे बाई पेशंट असली की नातेवाईक बाहेर. 'कारण' डॉक्टरबाई स्वतः विचारणार, बूथमध्ये, दार लावून. बाहेर काही ऐकू जात नाही अशी इस्पितळात तेवढीच एक जागा.

माझ्या बूथमध्ये. मला न विचारता.

५ एप्रिल

बूथ रिकामा होता. मी फॉर्म लावत बसलो होतो. मशीनवरचा दिवा लागला. आत कुणीतरी बटण दाबल्याशिवाय तो लागत नाही. उठून बघितलं. खुर्ची रिकामी, बटण खुंटीला टांगलेलं. वायर लूज असेल.

काचेत फक्त मी होतो, खुर्चीच्या मागे.

६ एप्रिल

मेकॅनिकने वायर बदलली. दिवा दुपारी दोनदा लागला. मेकॅनिकला पुन्हा फोन केला. म्हणाला, साहेब, वायर नवीन आहे, आता तुम्हीच बघा कोण बसलंय. थट्टा करण्याची ही वेळ नव्हे असं त्याला सुनावलं.

काचेवर वर्तमानपत्र चिकटवलं. डॉक्टरबाईंनी काढलं.

शिट्टी आता इस्पितळातही येते.

८ एप्रिल

डॉक्टरबाई माझ्याकडे बघत नाहीत. काउंटरवरची बाई मला फाइली हातात देत नाही, टेबलावर ठेवते. सोळा वर्षांच्या नोकरीचं हे फळ. मी त्या एकेचाळीसांपैकी एकीलाही हात लावलेला नाही.

आणि घरी म्हणावं तर, सात वर्षं झाली. हे मी कधी कुणाला सांगत नाही, पण लिहायला हरकत नाही. सात वर्षांत एकदाही नाही. त्याआधी एकदाच काय ते झालं होतं. इस्पितळातली चार माणसं जेवायला होती. मी एक किस्सा सांगत होतो, आणि किस्सा संपायच्या आधीच ही हसली. किस्स्याला नाही, मला. माणसं गेल्यावर हात लागला. मुद्दाम नाही. दोन दिवस कानात कापूस घालून फिरत होती. उन्हाळा होता, पोहायला जायची, पाणी गेलं असेल म्हटलं. तपासून बघा असं ती म्हणाली नाही. किंवा म्हणाली असेल. तेव्हा मी कामात होतो.

तर सात वर्षं. इतका संयम किती जणांकडे असतो?

९ एप्रिल

उपाय सापडला.

हिला इस्पितळात न्यायचं आणि माझ्या मशीनवर तपासायचं. ढोंगी पकडायच्या पद्धतीने. सोंग उघडं पडणार. कान धडधाकट निघणार. कागद डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवायचा. बघा म्हणावं, या माणसाच्या घरात डावा कान शाबूत आहे. एका दगडात सगळंच. नवरा म्हणूनही दाखला आणि तंत्रज्ञ म्हणूनही.

आज छान झोप लागेल.

१० एप्रिल

लागली नाही. शिट्टी.

हिला विचारलं. मला वाटलं नको म्हणेल, टाळेल. लगेच हो म्हणाली. म्हणाली, मी किती वर्षं म्हणतेय, एकदा बघा. मला आठवत नाही. मी ऐकलं असतं तर आठवलं असतं.

१२ एप्रिल

सकाळी दहाला ही बूथमध्ये बसली. मुलीची शाळा होती, तरी ती आली. आईचं कोण ऐकणार, म्हणाली. तिला व्हरांड्यात बसवलं.

  हेडफोन मीच चढवला. निळा डावा, लाल उजवा. तिच्या डाव्या कानाकडे माझा हात गेला तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. नेहमीची पेशंट नाही, सवय नसते.

सूर सोडला. उजव्यात बारीक, डाव्यात मोठा. आता ही गप्प बसणार.

दिवा लागला.

वायर बघितली. वायर ठीक. पुन्हा सोडला. दिवा लागला. सूर बदलला. दिवा. मशीन बंद करून चालू केलं. दिवा. अकरा वेळा केलं. अकरा वेळा तिने बटण दाबलं. शेवटी काचेतून मला खुणेने विचारलं, अजून किती?

आलेख निघाला. डाव्या कानाच्या निळ्या फुल्या खाली, एका ओळीत. असे आलेख मी एकेचाळीस काढले आहेत.

डॉक्टरबाई आल्या. दुर्बिणीने आत बघितलं. म्हणाल्या, पडद्याला भोक आहे, जुनं. बरीच वर्षं झालेली दिसतात. मग फॉर्म बघितला. 'कारण' या रकान्यात मी एक अक्षर लिहून थांबलो होतो. कुठलं लिहायचं ते पेन ठरवत होतं. बाईंनी फॉर्म माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाल्या, नातेवाईकांनी बाहेर बसायचं.

म्हटलं, मी इथला कर्मचारी आहे. म्हणाल्या, आत्ता नाही.

बाकावर बसलो. शेजारी एक गृहस्थ होते, त्यांची पुढच्या नंबरला होती. आपुलकीने विचारलं, काय हो, तुमचीही पडली? म्हटलं, नाही, सर्दी.

व्हरांड्याच्या दारातून बूथची काच दिसते. ही बोलत होती. वीस मिनिटं बोलत होती. इतकं तिला बोलताना बघून मला किती दिवस झाले. डॉक्टरबाई लिहून घेत होत्या. एकदा त्यांनी पान उलटलं. मधेच ही बोटांवर काहीतरी मोजायला लागली. एका हाताची बोटं संपली, मग दुसऱ्या हाताची घेतली. औषधांच्या वेळा असाव्यात.

मुलगी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. काचेकडे बघत नव्हती. माझ्याकडेही नाही.

१५ एप्रिल

बदली. मी आता नवजात बालकांच्या विभागात. त्यांचे कान झोपेत तपासायचे असतात, बटण नाही, दिवा नाही, कारण विचारायचं नाही. खरं तर ही एक प्रकारची बढतीच आहे. अनुभवी माणसाशिवाय हे काम देत नाहीत.

आईला फोनवर सांगितलं. विचारलं, तुझा डावा कान केव्हापासून? म्हणाली, लाइन खराब आहे रे.

१६ एप्रिल

हिचं ऑपरेशन ठरलं. पडद्याला ठिगळ लावतात. फॉर्मवर जवळचा नातेवाईक म्हणून मेहुणीची सही. मी घरीच होतो, पेनही होतं.

ही फोनवर मेहुणीला सांगत होती, आधी कान होऊ दे, मग कुठे राहायचं ते ठरवते. हवापालटासाठी असेल. मी तोपर्यंत शांत राहणार आहे. हाका मारणं बंद केलं आहे. पुरावा नको झाला आहे.

२२ एप्रिल

ऑपरेशन झालं. नीट झालं म्हणतात. मी खाली उभा होतो. मेहुणीने जिन्यात गाठलं. म्हणाली, भावजी, तुम्हाला काही म्हणायचं असेल तर आता म्हणा, नंतर आम्हाला वेळ नसेल. शांतपणे म्हणाली. मला तिचा स्वभाव कधीच आवडला नाही.

पण मुद्दा रास्त आहे. निश्चय: माफी मागायची. व्यवस्थित, मुद्देसूद. ही राहते की जाते, ते यावर आहे.

२३ एप्रिल

मसुदा पहिला. 'काही गैरसमज झाले असतील तर.' हा लग्नपत्रिकेतल्या मजकुरासारखा वाटतो. रद्द.

मसुदा दुसरा. 'माझा हात लागला याबद्दल.' वाचून बघितला. हात आपोआप लागल्यासारखा वाटतो. वीजबिल येतं तसा. रद्द.

२४ एप्रिल

मसुदा तिसरा. 'मी तुला मारलं.' तीन शब्द. लिहून वही मिटली आणि फिरून आलो. परत आलो तरी तिथेच होते.

शिट्टी थांबत नाही.

२५ एप्रिल

मसुदा पक्का. मी तुला मारलं, सात वर्षांपूर्वी, एकदा. त्याने तुझा कान गेला. ते मला माहीत होतं. निळ्या स्कार्फवालीबद्दलही दोन वाक्यं घातली, तिने तोंड उघडलं होतं ते मी बघितलं होतं हे. ते कुणाला सांगायला हवं ते कळत नाही, म्हणून यातच.

नवजात विभागात म्हणून बघितलं. नऊ बाळं झोपलेली होती. एकही रडलं नाही.

ही आज घरी आली. मेहुणी उद्या येणार, परवाची गाडी आहे. मुलीने स्वतःचं दप्तर आणि आणखी एक पिशवी भरून ठेवली आहे.

२६ एप्रिल, दुपारी साडेतीन

आज सांगितलं.

ही पलंगावर उजव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून पडली होती. ऑपरेशनचा कान वर राहायला हवा. त्यात कापूस आणि पट्टी. दुसरा उशीत. म्हणजे ऐकू यायला वाव नव्हता. मला ते माहीत होतं असं नाही. म्हणजे माहीत होतं, पण तो मुद्दा नव्हता. मुद्दा सांगण्याचा होता.

पाठीमागे उभा राहून सगळं म्हटलं. एकही शब्द गाळला नाही. 'मारलं' स्पष्ट उच्चारलं. निळ्या स्कार्फवालीची दोन वाक्यंही म्हटली. पाच मिनिटं लागली. संपल्यावर एकदम हलकं वाटलं.

हिला काहीतरी जाणवलं असावं. मान उचलून विचारलं, काही म्हणालात?

म्हटलं, चहा टाकू का विचारत होतो.

तेव्हा पलंग आणि भिंतीच्या मधून मुलगी उठली. तिथे खाली बसून पुस्तक वाचत होती. दोन्ही कान उत्तम आहेत तिचे, मीच तपासलेले. ती माझ्याकडे बघत राहिली. मी काही बोलतो का याची वाट बघितल्यासारखी. मी चहा टाकायला गेलो.

ओट्यापासून खोलीचं दार दिसतं. मुलीने आईला हाताला धरून बसतं केलं. उजव्या कानाशी तोंड नेलं आणि सांगायला लागली. सांगतच होती. चहाचं विचारायला इतका वेळ लागत नाही. पाणी उकळून आटलं. मी आणखी घातलं. ही मधे एकदाही माझ्याकडे वळली नाही. ऐकत होती.

मग मुलगी आली. दारातच थांबली, आत आली नाही. म्हणाली, बाबा, आई विचारतेय, तुम्ही मारलंत त्यातल्या कुठल्या वेळेबद्दल म्हणत होतात?

म्हटलं, आठवून सांगतो.